पाट गळतोय, पण नेमका कुठून?

या वेळी पाटाचे प्रश्न एवढे आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकलावे लागले. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तरही मोठंच झालंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: नमस्कार काका. आम्ही साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे. आमचा फडाचा (सगळ्यांच्या वावरांना पाळीनं पाणी देणारा) बंधारा किती जुना ते आजोबांनाही सांगता येत नव्हतं. त्याच्यातून निघणारा पाट साधारण ११०० मीटर, पूर्ण मातीचा, खाली ४१ खातेदार नि ५२ एकर. पूर्वी शेवटच्या वावरापर्यंत पाणी जायचं, आता टेलवाल्यांना, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या लोकांना, दारं धरायला रात्र रात्र बसावं लागतं आणि तरी कोपरा कोरडा राहतो. सगळ्यांचं म्हणणं पडलं की यंदा वर्गणी काढून एकदाचा सोक्षमोक्ष लावू. ठेकेदार काँक्रीटचे १४ लाख सांगतो, पाईपवाला १३ लाख म्हणतो, एक पुतण्या म्हणतो शेततळ्याचा कागद टाका, दीड लाखात काम. म्हातारी माणसं म्हणतात गाळ काढा, बास. कुणाचं ऐकावं?

उत्तर: पत्र वाचून आधी फोनच केला, कारण चार उपाय लिहिलेत पण पाणी जातंय कुठं ते कुणीच लिहिलेलं नाही. विचारलं तर तुम्ही म्हणालात, "काका, मुरतंय, अजून काय, आणि ऊन पण पितं." उन्हाचं तिथल्या तिथं मोडून काढलं. तुमच्या पाटाची रुंदी साधारण ७० सेंटिमीटर धरली तर पाण्याचा उघडा पृष्ठभाग झाला ७७० चौरस मीटर, मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडतं असं धरा, म्हणजे दिवसाकाठी पावणेआठ हजार लिटर, सेकंदाला भागलं तर ०.०९ लिटर. ग्लासभर सुद्धा नाही. तेव्हा पाईप टाकला की उन्हातलं पाणी वाचेल असं कुणी सांगत असेल तर त्याला हा हिशोब दाखवा.

मग तुम्हाला मोजायला सांगितलं आणि तुम्ही पोरांना घेऊन खरंच मोजलंत, याचं मला भारी कौतुक वाटलं, कारण दहातली नऊ माणसं हो हो म्हणतात आणि जेसीबी बोलावतात. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाटाचा सरळ २० मीटरचा तुकडा घ्यायचा, वरच्या टोकाला लिंबू सोडायचं, खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघायचं, असं चार-पाच वेळा करून सरासरी काढायची. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा पळतं म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं, आणि मग रुंदी गुणिले सरासरी खोली गुणिले वेग. तुमच्याकडं बंधाऱ्याजवळ रुंदी ७०, खोली १८ सेंटिमीटर आणि लिंबाला ६८ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ३१ लिटर. टेलला रुंदी ६०, खोली १२, आणि ९० सेकंद, म्हणजे जेमतेम साडेतेरा. सगळी दारं बंद असताना सुद्धा! अकराशे मीटरमध्ये निम्म्याहून जास्त पाणी गायब.

इथंच बहुतेक लोक म्हणतात, बघा मुरतंय, करा काँक्रीट. थांबा. मुरतं किती हे वेगळं मोजता येतं. दोन्हीकडं मातीच्या गोण्या लावून पाटाचा ३० मीटरचा तुकडा अडवायचा, नेहमीच्या पातळीपर्यंत भरायचा, एक काठी रोवून खूण करायची आणि तीन तासांनी बघायचं. तुम्ही तीन ठिकाणी बघितलंत. बंधाऱ्यापासूनच्या पहिल्या ३५० मीटरमध्ये जिथं मुरूम आणि नदीची वाळू आहे, तिथं पाणी ९ सेंटिमीटर उतरलं. मधल्या ५०० मीटरच्या काळ्या जमिनीत फक्त एक. शेवटच्या अडीचशे मीटरमध्ये दोन. हे सगळं लांबीनं गुणून बेरीज केली तर पूर्ण पाटातून मुरणारं पाणी सेकंदाला पावणेतीन लिटर सुद्धा भरत नाही, आणि त्यातले दोन लिटर एकट्या मुरमाच्या तुकड्यातले. म्हणजे जे साडेसतरा-अठरा लिटर गायब आहेत त्यातले पंधराएक लिटर मुरत नाहीयेत, ते वाहून जाताहेत. भोकातून.

ती भोकं शोधायला तुम्ही प्रत्येक संशयाच्या जागेच्या वर आणि खाली लिंबू सोडलं. रस्त्याखालच्या दगडी मोरीच्या आधी २७ लिटर, नंतर २१. एका मोरीत सहा लिटर! मला तर ती मूठभर गुलालाची गोष्ट फार आवडली, कुणाच्या डोक्यातून निघाली माहीत नाही, पण मोरीच्या तोंडाशी गुलाल सोडला आणि चार मिनिटांत खालच्या नाल्यात, पंधरा फुटांवर, बाभळीच्या मुळाशी लाल पाणी यायला लागलं. चुन्यातलं जुनं बांधकाम, सांध्यातला चुना धुपून गेलेला, वरून बघितलं तर मोरी ठणठणीत. वर्षानुवर्षं त्या नाल्यात उन्हाळ्यातही हिरवंगार असायचं आणि सगळे म्हणायचे इथं झरा आहे. झरा कसला, तुमचाच पाट.

दुसरी जागा मधल्या भागातली, ६० मीटर, जिथं भराव नाल्याच्या बाजूनं उंच आहे आणि त्यावर बेशरमीची झुडपं माजलीत. तिथं चार लिटर. बेशरमीच्या मुळ्या आणि खेकड्यांची बिळं. धरण खेकड्यांनी फोडलं असं एका मंत्र्यानं म्हटल्यापासून खेकडा म्हटलं की महाराष्ट्रात लोक हसतात, आणि धरणाच्या बाबतीत हसणं बरोबरच आहे, पण पाटाच्या दीड फुटाच्या भरावाला खेकडा आणि उंदीर खरंच पुरतात हो. उरलेलं पाचएक लिटर चौदा दारांतून. चौदातल्या तीन दारांना झडप आहे, बाकी अकरांना गोणपाट, दगड आणि एके ठिकाणी म्हणे जुनी साडी. बंद केलेलं दार म्हणजे कमी गळणारं दार, एवढाच अर्थ.

आता तुमचे चार उपाय. म्हातारी माणसं अर्धी बरोबर आहेत. गाळ काढून गवत साफ केलं की पाणी पळतं, गवताळ मातीच्या पाटात आणि साफ काँक्रीटच्या पाटात त्याच उतारावर नि त्याच खोलीवर वेगात दुपटीचा फरक पडतो, आणि पाणी लवकर पुढं गेलं की मुरायलाही कमी वेळ मिळतो. पण गाळ काढून मोरी बुजत नाही. आणि एक सांगतो, गाळ काढताना जेसीबीवाल्याला पाटाचा तळ खरवडू देऊ नका. वर्षानुवर्षं बसलेला तो चिकट थर हेच तुमचं फुकटचं अस्तर आहे, ते उचकटलं की काळ्या जमिनीतला तुकडा सुद्धा प्यायला लागतो.

काँक्रीट. ठेकेदार काम सुरू करणार मधल्या तुकड्यापासून, कारण तिथं ट्रॅक्टर जातो, आणि नेमकी तीच काळी माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, वर तीन इंचाचा काँक्रीटचा पापुद्रा काय टिकणार. दोन पावसाळ्यांत तडे, तिसऱ्या वर्षी त्यात हराळी. यावर इलाज आहे, आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी तो शोधला, काळ्या मातीवर आधी न फुगणाऱ्या चिकट मातीचा, म्हणजे आपल्याकडं चिकट मुरमाचा, थर दाबून बसवायचा आणि मग अस्तर, कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर हे वापरलंय. पण तो थर दोनेक फूट तरी हवा, आणि १४ लाखांच्या कोटेशनमध्ये तो आहे का विचारा, नसणार. शिवाय तिथं मुरतंय किती, तर सेकंदाला लिटरचा तिसरा हिस्सा. एवढ्यासाठी ५०० मीटर काँक्रीट करणं म्हणजे ताकासाठी म्हैस पाळणं.

पाईप मला मनापासून आवडतो, शासनाचाही ओढा आता बंद पाईपातून पाणी देण्याकडंच आहे, वरून शेती करता येते, कुणी मध्येच पाट फोडत नाही. पण तुमच्या बाबतीत दोन अडचणी. तुमचा पूर्ण उतार २.२ मीटर, म्हणजे ५०० ला एक. या उतारावर आतून २०० मिलिमीटरचा पाईप जेमतेम २० लिटर नेतो, ते पुरणार नाही. आतून २५० चा ३५ लिटर नेतो, बरोबर बसतो. पाईपवाल्यानं तुम्हाला ३१५ सांगितलाय, मोठा घेतला तर चांगलाच ना, असं वाटतं, पण मोठ्या पाईपात पाणी हळू चालतं आणि हळू चाललं की गाळ बसतो. तुमच्या ३१ लिटरला २५० मध्ये वेग पडतो सेकंदाला ०.६३ मीटर, ३१५ मध्ये ०.४ च्या आसपास. आणि एप्रिलमध्ये बंधाऱ्यातूनच १२ लिटर येत असलं तर दोन्हीत गाळच. पांझरेचं पावसाळी पाणी तुम्ही बघताच, चहासारखं. तोंडाशी गाळाची कुंडी, जाळी, मध्ये मध्ये हवेचे उभे पाईप, खालच्या बाजूला धुऊन काढायचे व्हॉल्व्ह, हे सगळं नसेल तर पाच वर्षांत पाईप अर्धा भरेल आणि तो साफ करायला फावडं आत जात नाही. उघडा पाट एक माणूस फावड्यानं साफ करू शकतो ही त्याची केवढी मोठी गोष्ट आहे हे पाईप चोंदल्यावरच कळतं.

कागद. पुतण्याला नाउमेद करू नका, पण उघडा टाकलेला कागद एका हंगामात म्हशीच्या खुरांनी जातो. टाकायचाच तर खाली माती चाळून, वर फूट-सव्वा फूट मातीचा किंवा शहाबादी फरशीचा थर देऊन, आणि फक्त मुरमाच्या त्या साडेतीनशे मीटरमध्ये. पाट तेवढा जास्त खोल-रुंद खणावा लागेल, मग दीड लाखात होत नाही.

माझ्या हातात असतं तर मी यंदा उन्हाळ्यात मोरी बदलली असती, जुनी उकरून सिमेंटचे ३०० मिलिमीटरचे नळे, सांधे नीट भरून, दोन्ही तोंडांना भिंत. रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घेऊन, नाहीतर अर्धा रस्ता उकरल्यावर कुणीतरी येतोच. चौदा दारांना सिमेंटची चौकट आणि लोखंडी पत्र्याची झडप, सगळ्यांचे उंबरे एका हिशोबानं, गावातला फॅब्रिकेशनवाला करून देईल. बेशरमीचे ६० मीटर मुळासकट काढून तेवढ्यापुरता भराव उकरून चिकट मातीनं पुन्हा ठोकून, किंवा तेवढ्याच भागात पाईप. एवढं झालं की पुन्हा लिंबू सोडा. माझ्या अंदाजानं टेलला साडेतेराच्या जागी पंचवीसच्या आसपास दिसायला हवेत, आणि खर्च १४ लाखांच्या जवळपासही जाणार नाही. मुरमाचा तुकडा पुढच्या वर्षी, तिथं काँक्रीट टिकेल कारण खाली मुरूम आहे, पण त्याआधी त्या तुकड्याला लागून ज्या दोन विहिरी आहेत म्हणालात त्यांच्या मालकांशी बोला. का, ते पुढच्या पत्रात.

पाणी रोज मोजता यावं म्हणून, जिथं पाट थोडा खाली उडी घेतो तिथं पत्र्याची ९० अंशांची व्ही-खाच बसवा, एक वर, एक टेलला. खाचेच्या टोकापासून पाणी २२ सेंटिमीटर वर असेल तर ३१ लिटर, १६ असेल तर १४. पट्टी सहा सेंटिमीटर उतरली की पाणी निम्म्याहून कमी झालं, हे शाळेतल्या पोराला सुद्धा वाचता येतं आणि मग भांडण 'मला कमी येतं' वरून 'आज पट्टी १८ का' वर येतं.

आणि पाटकरी. फडाची पद्धत टिकली ती दगडाच्या बंधाऱ्यामुळं जेवढी, तेवढीच पाटकरी (पाणी वाटणारा) आणि जागल्या (राखणदार) यांच्यामुळं. अख्ख्या फडात एकच पीक, पाळी ठरलेली, पाट साफ करायला जमिनीच्या प्रमाणात माणसं द्यायची, हे सगळं बघायला माणूस होता आणि त्याला धान्य मिळायचं. आता तुमच्याकडची पोरं सुरतला गेली, पाटकरी नाही, म्हणून दारात साडी आहे. वर्गणीतून आधी त्याचा वर्षाचा पगार बाजूला काढा, मग उरेल त्यातून सिमेंट.

प्रश्न: काका, आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले. आमच्या शेजारून जाणाऱ्या चारीला दोन वर्षांपूर्वी काँक्रीट झालं. माझी विहीर चारीपासून ४० फुटांवर. आधी मार्चअखेर मोटर पाच तास चालायची, आता दीड तासात फुटबॉल (मोटरच्या पाईपाच्या तळाची झडप) उघडा पडतो. काहीजण म्हणतात रात्री सब्बल घेऊन काँक्रीटला दोन भोकं पाड. पाडू का? – एक शेतकरीण

उत्तर: नका पाडू ताई. ते बेकायदा तर आहेच, पण पाणी काँक्रीटच्या मागं शिरलं की चारी रिकामी झाल्यावर तेच पाणी आतून ढकलतं आणि अख्खी फरशी उचलली जाते. मग टेलवाले तुमच्या दारात.

पण तुमची तक्रार खोटी नाही. चारीतून गळणारं पाणी वाया गेलं असं कागदावर लिहितात, प्रत्यक्षात ते कुणाच्या तरी विहिरीत गेलेलं असतं. आपल्या बेसाल्टात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि फटीत, आणि तुमची विहीर तिथूनच प्यायची. आधी खात्री मात्र करून घ्या. या आवर्तनाला (चारीला पाणी सुटायच्या पाळीला) रोज सकाळी मोटर लावण्याआधी दोरी सोडून पातळी लिहून ठेवा, आवर्तनाच्या आधी आठ दिवस आणि नंतर पंधरा. चारीपासून लांबच्या एका विहिरीचीही लिहा. पूर्वी चारीला पाणी सुटलं की दोन-तीन दिवसांत विहीर चढायची, आता हलतच नसेल आणि लांबची विहीर मात्र पूर्वीसारखीच असेल तर कारण काँक्रीट. दोन्ही सारख्याच उतरल्या असतील तर कारण बोअरवेल नि पाऊस, चारीला दोष देऊ नका.

कारण काँक्रीट निघालं तर पाणी वापर संस्थेत जा. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात संस्थेला पाणी घनमापानं, मोजून मिळतं आणि पीक कोणतं घ्यायचं ते सभासद ठरवतो. काँक्रीटनं जे पाणी वाचलं ते कुणाला गेलं हा प्रश्न सभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुमच्या वाट्याचं पाणी वाढवून घ्या आणि ते शेततळ्यात साठवा, विहिरीच्या भरवशावर असलेलं पीक त्यावर न्या. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गाळून विहिरीत सोडायची सोय करा, पण गाळणीशिवाय नको, गढूळ पाण्यानं विहिरीचे झरेच बुजतात.

एक गोष्ट मात्र उलट बाजूनं सांगतो. नीरा डावा कालवा १८८५ चा, तुमचे प्रवरेचे कालवे नंतरचे, आणि दोन्हीकडं झिरपून झिरपून जमिनी पाणथळ नि खारवट झाल्या हेही आपण बघितलंय. तेव्हा सगळं गळू दे म्हणणारा मी नाही. पण अस्तर करायच्या आधी लगतच्या विहिरींची यादी करावी आणि त्या मालकांना बैठकीत बसवावं, एवढं साधं काम फार कमी ठिकाणी होतं, म्हणून साक्रीच्या मंडळींना वर तेच सांगितलं.

प्रश्न: भंडारा जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची नहर शेजाऱ्याच्या बांधीतून (धानाच्या वावरातून) येते, मागच्या महिन्यात त्यानं ट्रॅक्टरनं माती लोटून ती बुजवली. म्हणतो सातबाऱ्यावर नहर दाखवा. नहर दुरुस्त करावी का पाईप टाकावा का दुसरीकडून काढावी?

उत्तर: दादा, आधी नहर उघडा, दुरुस्तीचं मग बघू. आणि आजच हला, कारण १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार असा अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. लोक पंचायतीत चार बैठका करतात आणि मुदत निघून जाते.

सातबाऱ्यावर नहर नसली म्हणून हक्क नाही असं नाही. तुमच्या भागात मालगुजारीच्या काळापासूनचा वाजिब-उल-अर्ज असतो, त्यात गावाच्या पाणी घेण्याच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात, निस्तार पत्रकाबरोबर (गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांचा कागद) त्याचीही नक्कल काढा. त्यात नहरीचा एक ओळीचा उल्लेख जरी सापडला तरी शेजाऱ्याचा आवाज उतरतो. गावचा जुना नकाशाही घ्या. आणि बुजवलेल्या जागेचे फोटो आत्ताच, तारखेसकट, धानाची रोवणी झाली की सगळं सपाट दिसेल.

दुसरीकडून काढायचीच वेळ आली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाट न्यायची परवानगी तहसीलदाराकडं मागता येते, भरपाई देऊन. आणि इथं मी पाईपाच्या बाजूनं आहे, एकट्या तुमच्या बांधीपुरतं पाणी, शेजाऱ्याच्या जमिनीत तीन फूट खाली गाडलेला पाईप, वर त्याचा धान. तलावातून येणारं पाणी गाळ तलावातच टाकून येतं, त्यामुळं चोंदायचीही भीती कमी. शेजाऱ्याला हे आधी शांतपणे विचारून बघा, कदाचित त्याचा राग नहरीवर नसून तिच्यापायी गेलेल्या दोन तासांच्या नांगरटीवर असेल. नाही म्हणाला तर दाव्याचा कागद तयार ठेवाच.